सोनं वाहून जातंय: तिसरं टेबल पाठवू का?

अंबडवाला
माझं अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षांच्या पॅकहाऊसचे कन्व्हेयर, कांद्याच्या ग्रेडिंगची यंत्रं अशी कामं करतो. चार वर्षांपूर्वी ओळखीतून टांझानियाला दोन शेकिंग टेबल (हलत्या फळीवर पाण्याने जड आणि हलकं वेगळं करणारी यंत्रं) करून पाठवली. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला गेटा म्हणून भाग आहे, तिथल्या एका लहान सोन्याच्या खाणीवर ती बसली. माझा भाचाच तिथे मेंटेनन्स बघतो.

परवा मालकाचा फोन आला. दगडात टनामागे ६ ग्रॅम सोनं लागतंय आणि शेवटी वाहून जाणाऱ्या गाळात, म्हणजे टेलमध्ये, २.८ ग्रॅम सापडतंय. म्हणजे निम्म्याच्या जवळपास सोनं तळ्यात. त्यांचं म्हणणं, टेबल कमी पडतात, तिसरं पाठवा.

प्लँट असा आहे: दगड फोडायला जॉ क्रशर, मग ठेचायला हॅमर मिल, मग बारीक दळायला छोटी बॉल मिल. तिथून माल स्लुइसवर येतो (लांब पन्हळ, तळाला गालिचा), आणि स्लुइसवरून उतरलेला माल दोन्ही टेबलांवर निम्मा निम्मा जातो. ताशी साधारण दीड टन. रसायन काही वापरत नाहीत, सगळं काम पाण्यावर आणि वजनावर.

तिसरं टेबल विकलं तर माझं काम होतं. पण ते बसवूनही सोनं वाहतच राहिलं तर? मला टेबल बनवता येतं, सोनं मला कळत नाही. इथे खाणीतलं, सराफीतलं, केमिस्ट्रीतलं कुणी असेल तर सांगा. टेबल वाढवून रिकव्हरी वाढेल का? की ते गोल फिरणारं सेंट्रिफ्यूगल यंत्र घ्यायला सांगू?

सातपूर_सीएनसी
सेंट्रिफ्यूगल. डोळे मिटून. टेबलावर कण फक्त पृथ्वीच्या ओढीने खाली बसतो. त्या यंत्रात फिरणाऱ्या भांड्यामुळे ती ओढ ६० पट होते. कॅनडातल्या बायरन नेल्सन यांनी ते आणलं आणि जगभरच्या मोठ्या खाणींनी घेतलं. बारीक सोनं टेबलावर थांबतच नाही.

सराफबाजारची_लेक
अंबडवाला दादा, तो गालिचा किती दिवसांनी बदलतात? आणि जुना काढलेला कुठे जातो?

अंबडवाला
ताई, बहुतेक फेकत असतील. भाच्याला विचारतो.

मळ्यातला
मी दिंडोरीचा, द्राक्षवाला. अडाणी प्रश्न विचारतो, रागवू नका. रसायन न घालता नुसत्या पाण्याने दगडातून सोनं वेगळं होतंच कसं?

रोवळी
अरे, तुझ्या आजीने तांदूळ रोळलेले पाहिले नाहीस का? रोवळीत तांदूळ घ्यायचे, पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवायचे. तांदूळ पाण्याबरोबर वर उठतो, खडा तळाशी राहतो. मग वरचे तांदूळ हाताने ओढून घ्यायचे. सोन्याच्या बाबतीत एवढंच उलटं, की खडा ठेवायचा आणि तांदूळ सोडून द्यायचे. सुपात धान्य घोळतानाही हेच होतं, तिथे पाण्याच्या जागी वारा.

आणि एक लक्षात ठेव. जोरात फिरवलं तर खडेही तांदळाबरोबर येतात. माझी सासू मला नेहमी सांगायची, हात सावकाश.

निवृत्त_मिलवाला
रोवळीताईंनी पहिल्याच दिवशी शिकवायचा धडा सांगितला आहे. मी कर्नाटकातल्या सोन्याच्या मिलमध्ये आयुष्य काढलं, आता गंगापूर रोडला असतो. थोडं आकड्यांत सांगतो.

सोन्याची घनता १९.३, गारेची (सोन्याभोवतीचा क्वार्ट्झचा दगड) २.६५. पाण्यात दोघांचंही वजन पाण्याएवढं कमी भरतं. म्हणून १८.३ भागिले १.६५ करायचं, उत्तर येतं ११. हा आकडा २.५ च्या वर असला तरी वजनावर वेगळं करणं सोपं मानतात. इथे ११ आहे. मग सोनं वाहून का जातं? कारण हा हिशेब दोन्ही कण सारख्या आकाराचे असले तरच खरा. ०.०२ मिलिमीटरचा सोन्याचा कण आणि ०.०६७ मिलिमीटरचा गारेचा कण पाण्यात सारख्याच वेगाने खाली जातात. टेबलाला दोघांतला फरक ओळखणं अवघड होऊन बसतं.

दुसरी गोष्ट अशी, की कण सुटा हवा. गारेच्या पोटात अडकलेला सोन्याचा ठिपका म्हणजे पाण्याच्या लेखी गारच. तो टेबलावर थांबणार नाही, आणि सातपूरकरांच्या ६० पटीच्या यंत्रातही थांबणार नाही.

आता अंबडवाले, तुम्हाला माझा एकच प्रश्न. टेलमधलं २.८ ग्रॅम सोनं आहे कोणत्या रूपात? मोठ्या दाण्यात अडकलेलं, की बारीक आणि सुटं? हे कळल्याशिवाय एक बोल्टसुद्धा विकत घेऊ देऊ नका.

अंबडवाला
काका, हे कसं बघायचं? तिथे लॅब नाही. नमुना म्वान्झाला पाठवतात.

निवृत्त_मिलवाला
लॅब नसली तरी चालते, चाळण्या आणि घमेलं पुरे. एका पाळीत दर अर्ध्या तासाला टेलच्या पन्हळीखाली बादली धरायची, धार पूर्ण कापून घ्यायची. वरवरचं पाणी घेऊन चालत नाही, जड माल तळाने जातो. असा ३०-४० किलो गाळ जमला की वाळवून तीन भाग करायचे: ०.३ मिमीच्या वरचा, ०.३ ते ०.०७५ मधला, आणि ०.०७५ च्या खालचा. प्रत्येकाचं वजन आणि प्रत्येकाचा वेगळा ॲसे, म्हणजे सोनं किती याची लॅबमधली तपासणी. मोठ्या भागातला थोडा माल पुन्हा बारीक दळून घमेल्यात धुवून बघायचा. आधी दिसत नव्हतं ते सोनं दळल्यावर दिसायला लागलं, तर ते अडकलेलं होतं.

आणि एका ॲसेवर भरवसा नको. लॅब ३० ग्रॅम माल वितळवते. त्यात ०.२ मिमीचा शुद्ध सोन्याचा एकच गोल कण आला तर त्या एकट्यामुळे आकडा टनामागे २.७ ग्रॅम वाढतो. नाही आला तर तेवढाच कमी. मालकांचे ६ आणि २.८ हे आकडे एकेका नमुन्याचे असतील तर ते वाऱ्यावरचे आहेत. निदान पाच-सहा दिवसांचे हवेत.

सातपूर_सीएनसी
काका, आदर ठेवून असहमत. मोठ्या प्लँटमध्येसुद्धा आधी सेंट्रिफ्यूगल बसवतात आणि मग बाकीचं बघतात. तुम्ही चाळणी-घमेलं म्हणताय, त्यात दोन महिने जातील आणि तेवढे दिवस सोनं वाहतच राहील.

निवृत्त_मिलवाला
मोठ्या प्लँटमध्ये बसवण्याआधी चाचणी करतात. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले आंद्रे लाप्लांट यांनी ती बसवून दिली. नमुना जाडसर दळून त्या यंत्रातून काढायचा, उरलेला आणखी दळून पुन्हा काढायचा, मग तिसऱ्यांदा बारीक दळून पुन्हा. तिन्ही वेळी मिळून जे सोनं हाती येतं तेवढंच वजनावर मिळू शकणारं. काही दगडांत ते भरपूर असतं, काहींत जवळजवळ नसतंच. यंत्र तेच, दगड वेगळा.

शिवाय ते यंत्र मोठ्या मिलमध्ये कुठे बसवतात ते बघा. सायक्लोनमधून (गरगर फिरवून जड आणि हलकं वेगळं करणारा शंकू) जड माल परत बॉल मिलकडे जातो, त्या फेऱ्यातल्या मालाचा काही भाग वळवून तिथे देतात. सोनं जड, म्हणून दळलं गेलं तरी सायक्लोन त्याला पुन्हा पुन्हा मिलकडेच ढकलतो आणि त्या फेऱ्यात ते साठत जातं. साठलेल्या जागी हात घातला तर ओंजळ भरते. अंबडवाल्यांच्या प्लँटमध्ये हा फेराच नाही. माल मिलमधून एकदा सुटला की सुटला.

यंत्र वाईट नाही, चांगलं आहे. पण त्याला स्वच्छ पाणी लागतं, ठराविक दाबाचं, सतत. भांड्याच्या भोकांतून ते पाणी आत येतं म्हणून थर सैल राहतो आणि सोन्याला शिरायला जागा होते. तळ्यातलं गढूळ पाणी परत वापरलं की भोकं बुजतात आणि थर सिमेंटसारखा बसतो. त्या खाणीवर स्वच्छ पाणी आहे का?

अंबडवाला
नाही काका. तळ्यातलंच पाणी फिरवतात. उन्हाळ्यात तेही पुरत नाही म्हणतो भाचा.

सातपूर_सीएनसी
मग माझं घोडं तिथेच अडलं. पाण्याचं माहीत नव्हतं. मान्य.

खडकवेडा
गेटाच्या दगडाबद्दल थोडं. तो फार जुना ग्रीनस्टोन पट्टा आहे, अब्जावधी वर्षांपूर्वीचा. तिथे लोहयुक्त पट्टेदार खडकात सोनं सापडतं आणि त्याच्याबरोबर सल्फाइडं, म्हणजे गंधकाची खनिजं असतात, पायराइटसारखी. वरचा, हवापाण्याने कुजलेला दगड असेल तर सल्फाइडचं तांबूस गंजात रूपांतर झालेलं असतं आणि सोनं मोकळं होतं. खाण खोल गेली की ताजा, काळपट, चमचमणारा दगड लागतो. त्यात सोन्याचा काही भाग पायराइटच्या आत बसलेला असतो.

अंबडवाले, भाच्याला विचारा: चार वर्षांत दगडाचा रंग बदलला का? टेबल तेच, माणसं तीच आणि रिकव्हरी घसरली, तर मला पहिला संशय दगडाचा येतो.

अंबडवाला
खडकवेडा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. भाचा म्हणतो पहिली दोन वर्षं विटकरी माती-दगड होता, आता करडा-काळा आहे आणि दळल्यावर टेबलावर सोन्यासारखा पिवळा पट्टा दिसतो पण तो सोनं नाही.

खडकवेडा
तो पायराइट. घनता ५ च्या आसपास. काकांच्या हिशेबाने सोनं विरुद्ध पायराइट म्हणजे १८.३ भागिले ४, साडेचार. वेगळं होतं, पण ११ सारखं सहज नाही. पट्ट्याच्या कडेला नजर ठेवणारा माणूस हवा.

मळ्यातला
आता मला गोदावरीबद्दल विचारायचंय. रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात. नदीत सोनं पण सापडतं का? आपल्या डोंगरातून वाहून आलेलं?

खडकवेडा
डोंगरातून नाही. नाशिकच्या आजूबाजूचा सगळा दगड बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक मात्र सुंदर मिळतात, त्यासाठी नाशिक जगात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या विदर्भात, भंडारा-नागपूरकडच्या जुन्या खडकांत. तिकडचे सोनझरी लोक पिढ्यान् पिढ्या नदीची वाळू लाकडी पाटीत धुवून कण काढत आले. आणि चुंबकाला सोनं चिकटत नाही, त्याला फक्त लोखंडी नाणी लागतात.

गोदावरीच्या वाळूत काळी रेती दिसते ती मॅग्नेटाइट, बेसॉल्टमधून सुटलेली.

सराफबाजारची_लेक
डोंगरातलं नाही, पण बाजारातलं असतं. आमचं घर झारेकऱ्यांचं. माझे आजोबा पहाटे दुकानं उघडायच्या आत सराफ बाजारातले रस्ते झाडायचे, गटारीतला गाळ काढायचे. कारागिराच्या कानशीतून उडालेला, कपड्याला, चपलेला लागून बाहेर आलेला कण त्यात असतो. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी बाजारात शिरलं, दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा पाणी उतरल्यावर आमच्या घरची सगळी माणसं गाळ भरायला गेली होती. वडील म्हणाले होते, पुराने चिखल आणलाय, पण खालचा कोपरा-कोपरा खरवडा, जड माल भिंतीच्या कडेला आणि पायरीच्या सांध्यात बसतो, मधे बसत नाही.

आमची रीत सांगते. केर आधी जाळायचा. जळल्यावर कागद, केस, लाकडाचा भुगा, तेल सगळं जातं आणि राख उरते. मग ती कुटायची, चाळायची, लोहचुंबक फिरवून कानशीचं लोखंड काढायचं. मग घमेल्यात पाण्याने धुवायची. चाळणीतून पडलेलं वेगळं धुवायचं आणि वर राहिलेलं परत कुटायचं. जाड आणि बारीक एकत्र कधीच धुवायचं नाही. आजी म्हणायची, जाड्याला पाणी जास्त लागतं, त्या पाण्यात बारीक पळून जातं. शेवटी तेजाब, आणि मग टाकणखार घालून मुशीत आटवायचं.

तुमच्या प्लँटमध्ये तर जाड-बारीक सगळं एकाच पाण्यात, एकाच टेबलावर चाललंय. दोन्ही टेबलांवर तेच.

आणि अजून एक. तेल. भुगा तेलकट असेल तर सोन्याचा पातळ पापुद्रा पाण्यावर तरंगतो, डोळ्यांदेखत निघून जातो. आम्ही चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकतो.

निवृत्त_मिलवाला
ताई, मी ओळखत नाही तुम्हाला, पण नमस्कार करतो. जाड आणि बारीक वेगळं धुवायचं हेच मी उद्या दोन पानं लिहून सांगणार होतो.

तेलाचं तर शंभर टक्के खरं. आणि हॅमर मिल सोन्याला ठोकून पापुद्रा करते. सोनं मऊ, फुटत नाही, पसरतं. पसरलेला कण वजनाने तेवढाच, पण पाण्यात पानासारखा डोलत खाली येतो. त्यात बेअरिंगचं ग्रीस लागलं की तरंगलाच.

अंबडवाला
हॅमर मिलच्या बेअरिंगला भाचा रोज ग्रीस मारतो! सील गळतंय हे त्यानेच सांगितलं होतं मला. मी म्हटलं चालतंय.

मळ्यातला
माझ्या मावसभावाने पश्चिम आफ्रिकेत बघितलंय, तिथे सरळ पारा टाकतात. पारा सोनं खाऊन घेतो, मग पारा जाळायचा, सोनं हातात. एवढी यातायात कशाला?

प्रयोगवही
मी कॉलेजात रसायन शिकवते. कृपा करून हा मार्ग कुणाला सुचवू नका. पारा जाळला की वाफ होते, ती जाळणाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या, लेकरांच्या फुप्फुसात जाते आणि मेंदूवर, मूत्रपिंडावर बसते. उरलेला पाण्यात जातो, तिथे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि मग तो माशांत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर लोक मासेच खातात. लहान सोन्याच्या खाणी हा जगातला पाऱ्याच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. त्यासाठीच मिनामाता करार झाला, २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे.

आणि काम म्हणूनही पारा इथे उपयोगाचा नाही. गारेच्या आत अडकलेल्या सोन्याला पारा शिवू शकत नाही. सल्फाइड असलेल्या मालात पारा फुटून बारीक बारीक थेंब होतात, ते सोन्यासकट वाहून जातात. म्हणजे सोनंही गेलं, पाराही गेला.

फिलिपाइन्समध्ये बेंगेट म्हणून प्रांत आहे. तिथले छोटे खाणकामगार पारा न वापरता टेबल आणि घमेल्यावर माल अगदी स्वच्छ करतात आणि शेवटी बोरॅक्स घालून आटवतात. बोरॅक्स म्हणजे ताईंनी सांगितलेला टाकणखारच. बोरॅक्समुळे बाकीच्या खनिजांचा पातळ मळ होतो आणि सोनं तळाशी गोळा होतं. सराफ बाजारात हे पिढ्यान् पिढ्या चाललंय.

मळ्यातला
समजलं. मावसभावालाही हे पाठवतो. तो अजून तिकडेच आहे.

वाचनमात्र
कोलारलाही पूर्वी पारा वापरायचे ना?

निवृत्त_मिलवाला
हो. दगड कुटणाऱ्या स्टँप मिलखाली पारा लावलेले तांब्याचे पत्रे असायचे, पुढे जाड कापड अंथरलेल्या पन्हळी. सायनाइडची रीत १८८७ मध्ये निघाली आणि मग उरलेलं सोनं तिने काढलं जायचं. कोलार २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झालं. तिथे गेलात तर गावाभोवती पांढरट-पिवळ्या टेकड्या दिसतील. त्या निसर्गाच्या नाहीत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या टेलच्या आहेत. त्यांत अजून सोनं आहे म्हणून त्या पुन्हा धुण्याच्या योजना होत राहतात. टेलमध्ये गेलेलं सोनं परत काढता येतं, पण दुप्पट खर्चाने.

सातपूर_सीएनसी
अंबडवाले, एक कामाची गोष्ट. तुम्ही टेबल पाठवण्याआधी इथेच तपासू शकता. टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याएवढीच. संशोधकही सोन्याच्या जागी टंगस्टनची पावडर वापरून अशी यंत्रं तपासतात. बेसॉल्टची कच आणि खडकवेड्यांची काळी रेती घ्या, त्यात मोजून टंगस्टन टाका, टेबलावर चालवा, किती परत आलं ते मोजा. वेगवेगळ्या जाडीची पावडर घेतली तर तुमचं टेबल कुठपर्यंत बारीक धरतं हेही कळेल. कार्बाइड नको, शुद्ध टंगस्टन. मी पावडरची व्यवस्था करतो.

अंबडवाला
हे करणारच. शनिवारी या वर्कशॉपला.

अंबडवाला
(तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आलो नाही. भाच्याने काकांनी सांगितलं तसं सहा दिवस टेल कापून घेतला. तीन भाग केले, लॅबने प्रत्येकाचे तीन तीन ॲसे केले. हे आकडे:

०.३ मिमीच्या वरचा माल ३० टक्के, त्यात टनाला ३.४ ग्रॅम.
मधला ३८ टक्के, त्यात १.१ ग्रॅम.
०.०७५ च्या खालचा ३२ टक्के, त्यात ४.२ ग्रॅम.

म्हणजे मधल्या मालाचं सोनं टेबल धरतंय! गळती दोन्ही टोकांना आहे. जाड माल पुन्हा दळून धुतला तर घमेल्यात पिवळी रेघ आली, भाच्याने फोटो पाठवलाय. शनिवारी सातपूरकरांबरोबर टंगस्टनची चाचणी केली. तिथे अडकलेलं काही नाही, सगळी पावडर सुटी, म्हणून जाड आणि मधली पावडर जवळजवळ पूर्ण परत आली, अगदी बारीक मात्र पाणी कमी करेपर्यंत निसटत राहिली.

आता काय करू? तिसरं टेबल नाही, एवढं मला कळलं.

निवृत्त_मिलवाला
शाब्बास. तुमच्या आकड्यांवरून टेलमधल्या सोन्यापैकी सुमारे ३७ टक्के जाड मालात अडकलेलं, १५ टक्के मधल्यात आणि ४८ टक्के बारकात आहे. आता उपाय सोपे.

बॉल मिलच्या तोंडाशी ओली चाळणी बसवा, ०.३ मिमीची. वरचा माल मिलमध्ये परत. तुम्हाला नसलेला फेरा इथे तयार होईल. हॅमर मिलची जाळी थोडी मोठी करा, तिने कमी दळावं आणि बॉल मिलने जास्त.

चाळणीखालचा माल सरळ टेबलांवर नको. मधे एक शंकूच्या आकाराची टाकी बनवा, खालून हलकं पाणी वर येणारी. जड-जाड खाली पडेल ते पहिल्या टेबलावर, वरून उतू जाणारं बारीक दुसऱ्या टेबलावर. दोन्ही टेबलांचे हात वेगळे: जाड्याला झटका लांब आणि सावकाश, बारक्याला झटका आखूड आणि भरभर. झटक्याची लांबी २५ मिमी ते १० मिमी आणि मिनिटाला २४० ते ३२५ झटके या मर्यादेत चालवून बघा, पट्टा सुरेख उमटला की थांबा. येणाऱ्या मालात वजनाने पाव भाग घन, बाकी पाणी. बारक्याच्या टेबलावर वरून धुण्याचं पाणी जेवढं कमी चालेल तेवढं कमी.

पंप धापा टाकत माल देत असेल तर मधे एक संथ टाकी ठेवा. लाट आली की बारीक सोनं त्या लाटेवर बसून जातं. रोवळीताईंच्या सासूबाई म्हणायच्या तेच, हात सावकाश.

सराफबाजारची_लेक
आणि ग्रीसचं सील बदला.

अंबडवाला
पहिल्याच दिवशी बदललं, ताई. शंकू मी इथेच बनवतो आणि चाळणीसकट पाठवतो. तिसऱ्या टेबलापेक्षा कमी पैशांत होतंय. मालकाला सगळं खरं सांगितलं, तो आधी चिडला, मग आकडे बघून गप्प झाला.

अंबडवाला
(आणखी अडीच महिन्यांनी)
धागा वर आणतोय. चाळणी आणि शंकू बसून पंधरा दिवस झाले. रोजचे नमुने घेतात आता. सरासरी हेड, म्हणजे येणाऱ्या दगडातलं सोनं, ५.८ आणि टेल १.७. म्हणजे रिकव्हरी ५३ वरून ७१ च्या घरात. ताशी माल थोडा कमी झालाय कारण मिलला परत आलेलं दळावं लागतं, पण सोनं जास्त मिळतंय.

खडकवेडा
उरलेल्या १.७ मध्ये पायराइटच्या पोटातला भाग मोठा असणार. तो वजनाने सुटणार नाही, कितीही यंत्रं लावा.

निवृत्त_मिलवाला
सहमत. टेबलावरचा पायराइटचा पट्टा फेकू नका, वेगळा साठवा. टेलही वेगळ्या तळ्यात ठेवा. तिकडे लीचिंग (सायनाइडमध्ये सोनं विरघळवून काढणं) करून देणारे लोक असतात, परवाना आणि तळ्याचं अस्तर बघून त्यांच्याशी बोला. तो वेगळा विषय आहे, त्यासाठी प्रयोगवहींना विचारून वेगळा धागा काढा.

प्रयोगवही
जरूर काढा. सायनाइडची सुरक्षितता हा अर्ध्या पानात उरकण्याचा विषय नाही.

सराफबाजारची_लेक
दादा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जुना गालिचा?

अंबडवाला
ताई, तुमचा प्रश्न माझ्याकडून राहून गेला होता, पण भाच्याने धागा वाचला होता. शेडमागे चार वर्षांचे फाटके गालिचे ढिगाने पडले होते. त्याने पत्र्यावर जाळले, राख कुटली, चाळली, जाड-बारीक वेगळं धुतलं आणि टाकणखार घालून आटवलं. २३ ग्रॅमचं बटण निघालं. मालकाने ते हातात धरून फोटो पाठवलाय. बॉल मिलच्या लायनरच्या (आतल्या अस्तराच्या) फटीही खरवडायला सांगितल्यात, पुढच्या महिन्यात लायनर बदलताना.

सराफबाजारची_लेक
लायनर काढताना खाली ताडपत्री अंथरायला सांगा. आणि झाडू नवा नको, वापरलेला मऊ घ्या. त्या जागेची मातीही खालपर्यंत भरून घ्या, चार बोटं तरी.